ठाण्यातल्या कोलशेतच्या गच्चीवरची सहा इंची दुर्बीण : ऑक्टोबर ते मार्चच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

सुरुवात धूमकेतूनं झाली. त्सुचिनशान-ॲटलस संध्याकाळी पश्चिमेला दिसतोय, हे आठवडाभर कानावर येत होतं, पण ढग हटेनात. आज सव्वासातला आभाळ मोकळं मिळालं. ऑफिसातल्या मैत्रिणीची १०×५० बायनॉक्युलर घेऊन सोसायटीच्या गच्चीवर गेले. आधी खाली शुक्र धरला आणि तिथून हळूहळू वर सरकत गेले. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. बायनॉक्युलरमध्ये फळ्यावरची खडूची रेघ बोटानं पुसावी तसा एक पांढरा फराटा दिसला. दहा मिनिटं हात भरून येईपर्यंत बघत राहिले.

कॉलेजात असताना खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला वांगणीला गेले होते, तिथे शनीची कडी पाहिली होती. तेव्हापासून मनात आहे. दोन वर्षांपूर्वी '५२५ पट मोठं दिसेल' अशी जाहिरात वाचून सत्तर मिलिमीटरची दुर्बीण मागवली होती, ६,५०० रुपयांना. तिचं तिपाई स्टँड इतकं लटपटायचं की फोकसच्या चाकाला हात लावला की चंद्र चौकटीबाहेर जायचा. ती माळ्यावर पडून आहे. कुणी नवीन सुरुवात करत असेल तर खोक्यावरचा 'इतके पट' हा आकडा बघू नका. आरशाचा किंवा भिंगाचा व्यास बघा, आणि स्टँड हलवून बघा.

या वेळी सहा इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवर हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण) स्वतः बांधायची. तयार घेतली तर माझ्या हिशेबाबाहेर जाते. बाबा वागळे इस्टेटमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते, हत्यारं घरात आहेत.

२७ ऑक्टोबर, रविवार

आरशांची जोडी मागवली : मोठा आरसा १५० मिमी, नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं) १२०० मिमी (म्हणजे व्यासाच्या आठपट, एफ/८), आणि सोबत तिरपा छोटा आरसा. ९,८०० रुपये. आरसा घरी घासायचा विचार होता, पण त्यात महिने जातात आणि मला हा हिवाळा घालवायचा नव्हता. एफ/८ यासाठी की त्याचं कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) थोडं चुकलं तरी दुर्बीण चालवून घेते. कमी एफच्या आरशाला ती सवड नसते.

नळीसाठी २०० मिमीचा पीव्हीसी पाइप. दुकानदार पूर्ण लांबीच देतात. शेवटी एका प्लंबिंग कंत्राटदाराकडे उरलेला सव्वा मीटरचा तुकडा मिळाला, ९०० रुपयांना.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

भाऊ जेवायला आला आणि पाइप धरायला अडकला.

हिशेब असा केला. मोठ्या आरशावरून परतलेला प्रकाश तिरप्या आरशावर वळून, एकूण १२०० मिमीवर, नळीबाहेर फोकसरमध्ये एकवटायला हवा. नळीची त्रिज्या १००, फोकसर (डोळ्याजवळचं भिंग, म्हणजे आयपीस, धरून आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत असताना उंची ७०, वर १५ मिमी सवड. म्हणजे दोन आरशांतलं अंतर १२०० वजा १८५, बरोबर १०१५. मोठा आरसा नळीच्या मागच्या टोकापासून ६० मिमी आत बसणार, म्हणून फोकसरचं भोक मागून १०७५ वर. होल-सॉ लावला आणि भोक पाडलं. एका दमात सरळ पडलं म्हणून खूप खूश होते.

बाबांनी विचारलं, "आरसा मोजलास का?" मी म्हटलं, त्यावर १२०० लिहिलंय की. ते काही बोलले नाहीत. ही नोंद नीट वाचा, पुढे हिचेच पाच आठवडे भरावे लागले.

१० नोव्हेंबर, रविवार

आतून मॅट काळा रंग मारला. पहिल्या हातानंतर चमक राहिली होती. दुसऱ्या हाताआधी ओल्या रंगावर लाकडाचा भुसा शिंपडला आणि सुकल्यावर पुन्हा रंगवलं. आता टॉर्च मारला तरी आत उजेड परतत नाही. ठाण्यात हे काम टाळू नका. आमच्या गच्चीवर तीन बाजूंनी एलईडी दिवे येतात, आणि नळीत शिरलेला प्रत्येक कवडसा चित्र धुऊन काढतो.

संध्याकाळी सेक्रेटरी काकांकडे गच्चीची किल्ली मागितली. त्यांना काळजी होती की समोरच्या बिल्डिंगमधले लोक तक्रार करतील. रास्त आहे. ठरलं असं की दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावायची आणि नळी कायम कठड्याच्या वर असायची. रजिस्टरमध्ये सही करून किल्ली घ्यायची, अकरा वाजता परत द्यायची. टाकीच्या आडोशाचा फायदा नंतर कळला : हाय-मास्टचा दिवा नेमका तिच्यामागे लपतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

बैठक. १८ मिमी प्लायचा अर्धा तुकडा, १,४५० रुपये, कापून घेतला. दोन बाजू, एक पुढची पाटी, खाली दोन गोल चकत्या. बाजूच्या फळ्यांवर नळीचे 'कान' टेकतात, आणि ते कान म्हणजे ड्रेनेज पाइपची टोपणं. मी ११० मिमीची घेतली, कारण ती घरात होती.

खालच्या दोन चकत्यांमध्ये जेवणाच्या टेबलावर फिरतं तसलं बॉल-बेअरिंगचं चाक लावलं, ६५० रुपये. बोटानं ढकललं की घरंगळत फिरतं. बाबांनाही आवडलं.

जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठातला संन्यासी. मठात राहून चोरून दुर्बिणी बनवायचा, पैसे नसल्यानं भंगारातली काच, लाकूड, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरायचा, आणि पुढे रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. त्याच्या बैठकीत बेअरिंग नव्हतंच. का नव्हतं, ते मला दोन आठवड्यांनी समजलं.

१ डिसेंबर, रविवार, अमावास्या

पहिली रात्र. सगळं बिघडलं.

साडेसातला शनीवर नळी लावली. २५ मिमीच्या आयपीसमधून मेदूवड्यासारखी मोठी चकती दिसली, मध्ये काळं भोक. फोकसर आत घेत गेले, वडा लहान होत गेला, आणि टिंब व्हायच्या आधीच फोकसर संपला. दहाचा आयपीस लावला तरी तेच. नऊ वाजता गुरूवर प्रयत्न केला, तिथेही मेदूवडा.

त्यात ते बेअरिंग. खाडीकडून जरा वारा आला की नळी आपोआप वळायची. हात काढला की शनी गेला. आणि तोंडाकडची बाजू जड असल्यानं नळी हळूहळू मान टाकत होती, कारण ११० मिमीच्या कानांना पुरेशी पकडच नाही.

साडेदहाला किल्ली परत दिली. जेवले नाही.

८ डिसेंबर, रविवार

आधी बैठक. बॉल-बेअरिंग काढून टाकलं. वरच्या चकतीच्या तळाला सनमायका चिकटवला. सुताराकडचा उरलेला तुकडा, १५० रुपये, गुळगुळीत नाही, बारीक दाण्याचा. खालच्या चकतीवर पायांच्या बरोबर वर टेफ्लॉनचे तीन चौकोन. कान १६० मिमीचे केले आणि त्यांच्याखाली टेफ्लॉनचे चार तुकडे. टेफ्लॉनचा खर्च ४२०. आता नळी ढकलली की सरकते आणि सोडली की जिथल्या तिथे राहते. बाबा म्हणाले, "ह्याला घर्षण हवं होतं, आपण ते काढत बसलो होतो."

मग फोकस. संध्याकाळी गुरू वर आल्यावर फोकसरची आतली नळी काढूनच टाकली आणि आयपीस हातानं भोकात धरून खाली खाली नेला. फोकसर जिथे संपत होता त्याच्याही साधारण दोन सेंटिमीटर खाली एकदम चार बारीक ठिपके एका ओळीत आले आणि मध्ये गुरू. हात थरथरत होता, चित्र येत-जात होतं, पण दिसलं. कालच गुरूची प्रतियुती (सूर्य आणि गुरूच्या मध्ये पृथ्वी येणं) झाली, म्हणजे तो या हिवाळ्यात सगळ्यात जवळ, साधारण ६१ कोटी किलोमीटरवर आहे. बाबांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आरसा मोज."

१४ डिसेंबर, शनिवार

आरसा मोजायचा सोपा उपाय : चंद्र. आरसा खुर्चीवर उशी लावून चंद्राकडे तोंड करून ठेवला. एका पट्टीला बटर पेपर चिकटवून आरशासमोर पुढे-मागे केला. एका जागी कागदावर ११ मिलिमीटरचा रेखीव चंद्र उमटला, डागांसकट. तिथून आरशापर्यंत टेप लावली. तीन वेळा मोजलं : ११६९, ११६७, ११६८.

म्हणजे बाराशे नाहीच. ३२ मिमीचा फरक. फोकसला १७ मिमी कमी पडत होते आणि वरची १५ ची सवडही त्यातच गेली होती. सगळा हिशेब जुळला. (हा प्रयोग सूर्यावर करू नका. तेवढ्या आरशानं कागद पेटतो, आणि डोळा मध्ये आला तर डोळा जातो.)

१५ डिसेंबर, रविवार

उपाय : मोठ्या आरशाची चौकट नळीत ३२ मिमी पुढे सरकवली. सहा नवी भोकं. जुनी भोकं एम-सीलनं बुजवली. नशीब की आरसा कमी निघाला. जास्त निघाला असता तर आरसा मागे न्यायला नळीच पुरली नसती.

एक गंमत आधी लक्षात आली नाही : आरशाचं वजन सव्वा किलोच्या आसपास, तो पुढे गेला म्हणजे तोल पुन्हा बिघडला. कान नळीवर पुढे घेऊन परत बसवावे लागले. कान शेवटी बसवा. आधी आरसा, फोकसर, शोधक (नेम धरायचं छोटं साधन) सगळं नळीवर चढवा, आणि मग नळी काठीवर आडवी ठेवून तोल जिथे सापडेल तिथे खूण करा.

२२ डिसेंबर, रविवार

कॉलिमेशन. मोठ्या आरशाच्या मध्यावर फाइलच्या भोकाला लावतात ती गोल चिकटपट्टी लावली. आयपीसच्या जागी (सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिमी) औषधाच्या डबीचं झाकण घट्ट बसलं, त्याच्या मध्याला बारीक भोक. त्यातून बघत आधी तिरपा आरसा वळवून मोठा आरसा पूर्ण दिसेल असा केला, मग मोठ्या आरशाचे तीन स्क्रू फिरवत चिकटपट्टी मध्यावर आणली. पहिल्यांदा दोन तास लागले, आता पाच मिनिटं लागतात.

तिरप्या आरशाचे स्क्रू फिरवताना नळी उभी होती आणि हातातून ॲलन की सुटली. ती थेट मोठ्या आरशावर. दोन सेंटिमीटरचा ओरखडा. त्या क्षणी पोटात जे झालं ते लिहिता येणार नाही. रात्री बघितलं तर चित्रात काहीही फरक नाही, एवढ्या क्षेत्रफळात तो ओरखडा हिशेबातच येत नाही. पण त्या स्क्रूंना हात लावताना नळी आडवी ठेवायची, कायम.

साडेसातला शनी. सुईत मणी ओवावा तसा. कडी जवळजवळ कडेवर आलेली आहेत, दर पंधरा वर्षांनी एकदा येतात तशी, त्यामुळे कॅसिनीची फट (कड्यांमधली काळी रेघ) वगैरे विसरायचं. वांगणीला पाहिलेली रुंद कडी नव्हेत ही. तरीही मी जागची हलले नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

तारे त्रिकोणी दिसतात! साधारण ११७ पटीवर व्याध म्हणजे तीन टोकांचा दिवा. पुन्हा कॉलिमेशन केलं, तसंच. मग लक्षात आलं की मोठ्या आरशाला धरणारे तीन चिमटे मीच आवळून घट्ट केले होते, 'हलायला नको' म्हणून. काच दाबली जाते आणि आकार वाकतो. चिमटे सैल केले, काचेत आणि चिमट्यात व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतके. तारे गोल झाले.

आणि गच्चीबद्दल : स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहतो. शिवाय एसीची बाहेरची यंत्रं. साडेसातला गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा उकळतो, तोच साडेदहाला शांत होतो आणि दोन पट्टे स्पष्ट होतात. दुर्बीण तासभर आधी नेऊन ठेवते. घरातून नेलेला कोमट आरसाही तेवढाच त्रास देतो.

१२ जानेवारी २०२५, रविवार

शोधकाविषयी. आधी लाल टिंबाचा शोधक लावायचा विचार होता, स्वस्त आणि हलका. मैत्रिणीच्या भावाकडचा लावून बघितला. ग्रहांना उत्तम. पण त्याच्यातून नुसत्या डोळ्यांना दिसतं तेवढंच दिसतं, आणि ठाण्यात मृगातले मोजके सात तारे, रोहिणी, व्याध, ब्रह्महृदय, पुनर्वसूचे दोघे एवढंच आकाश आहे. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं तर मधल्या पायऱ्याच गायब. म्हणून भिंगांचा शोधक घेतला, २,१०० रुपये. त्यातून शर्मिष्ठेपासून खाली उतरत देवयानी दीर्घिकेपर्यंत पोचले. एक करडा डाग. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा माणूसजात नव्हती, हे ठाऊक असूनही त्या डागाकडे बघताना गळा दाटला.

मंगळही आज सगळ्यात जवळ, साधारण साडेनऊ कोटी किलोमीटरवर. तांबूस चकती आणि कडेला पांढरा ठिपका, उत्तर ध्रुवावरचं बर्फ. तो ठिपका दिसायला पाऊण तास डोळा लावून बसावं लागलं.

आतापर्यंतचा खर्च, कारण विचारणारे बरेच आहेत : आरसे ९,८००, फोकसर १,९००, दोन आयपीस ३,४००, तिरप्या आरशाची पकड १,२००, पाइप ९००, प्लाय १,४५०, सनमायका १५०, टेफ्लॉन ४२०, शोधक २,१००, नट-बोल्ट-टोपणं वगैरे १,१००, रंग ३८०, आणि फुकट गेलेलं बेअरिंग ६५०. एकूण २३,४५० रुपये. बाबांची मजुरी यात नाही.

२५ जानेवारी, शनिवार

गावी. आईचं माहेर मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे. निघतानाच घोळ : बैठक डिकीत मावेना, दोन सेंटिमीटरनं. एक बाजू उघडून न्यावी लागली. गाडी असेल तर प्लाय कापण्याआधी डिकी मोजा. हेही मोजणंच.

अंगणातला बल्ब मामांनी काढूनच ठेवला. अंधारात डोळे सरावायला अर्धा तास दिला, मोबाइल खिशात. मग वर पाहिलं आणि नक्षत्रं ओळखता येईनात, इतके तारे! ठाण्यात मृग म्हणजे सात तारे, इथे त्यांच्यामध्ये गर्दी.

आई खुर्चीवर शाल घेऊन बसली होती. म्हणाली, "ते बघ तिकांडं." मृगाच्या पोटातला बाण. भात झोडायला खळ्यावर रात्र काढायचे तेव्हा तिकांडं कुठवर आलं त्यावरून वेळ कळायची, असं तिनं सांगितलं. चाळीस वर्षं ठाण्यात राहून तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं, कारण दाखवायला तिकांडं नीट दिसलंच नव्हतं.

मी त्या बाणाच्या खालच्या तेजोमेघावर नळी लावली. गच्चीवरून तिथे चार ताऱ्यांचा चौकोन आणि भोवती जराशी वाफ दिसते. इथे त्या वाफेला दोन पंख होते, चौकटीच्या कडेपर्यंत पसरलेले, आणि चौकोनाजवळ काळोखाची एक खाच. आई खुर्चीवरूनच डोळा लावू शकली, एफ/८ नळीचा आयपीस त्या उंचीवर बरोबर येतो. बराच वेळ तिनं डोळा काढला नाही. मग विचारलं, "हे तेव्हाही असंच होतं, खळ्यावर?" मी म्हटलं, असंच होतं. "आम्हाला नुसत्या तीन चांदण्या दिसायच्या," म्हणाली आणि पुन्हा डोळा लावला.

रात्री दोनला सगळं थांबलं. दव. नळी बाहेरून ओली, शोधकाचं भिंग धुरकट, तिरपा आरसाही. पुसू नका, कोटिंग जातं. तोंड झाकून सुकू दिलं. पुढच्या वेळी योगा मॅटचा तुकडा नळीच्या तोंडाला गुंडाळून नेणार आहे, नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब.

१ मार्च, शनिवार

आमच्या मजल्यावरची मुलं आठवडाभर मागे लागली होती. पावणेसातला गच्ची. पश्चिमेला अमावास्येनंतरची बारीक चंद्रकोर, अगदी खाली, आणि तिच्या वर शुक्र. साधारण ४७ पटीवर आधी शुक्र लावला. पहिल्या मुलीनं डोळा लावला आणि म्हणाली, "ताई, हा चंद्रच आहे."

मी नळीच्या मागून बाजूला झाले आणि तिला बोट धरून नळी कुठे रोखली आहे ते बघायला सांगितलं. तिनं नळीच्या बाजूनं बघितलं, वर शुक्र, खाली चंद्र. पुन्हा डोळा लावला. मग इतरांना ढकलून तिसऱ्यांदा. सगळ्यांनी मिळून ठरवलं की शुक्रालाही कोर आहे. ती उलटी का दिसते, यावर एका मुलानं आरशाचं कारण बरोबर सांगितलं.

लहानांना आयपीसपर्यंत पोचायला प्लास्टिकचं स्टूल लागलं, आणि चढताना सगळे नळीलाच धरतात. बैठकीला हातानं धरायची एक दांडी हवी, बाबा उद्या बसवताहेत. जूनच्या आत आरसे काढून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवायचे आहेत, नाहीतर इथल्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने कोटिंगला आणि आयपीसला बुरशी धरते. डबा आणलाय.